गागोदे बुद्रुक, प्रवासी एक

दुपारची जेवणं आटोपली की रोह्यात शहाणं माणूस काम करत नाही. कुंडलिका नदीवरून गार वारा घरात शिरतो, स्टेशनात एखादी मालगाडी कारण नसताना शिट्टी देते आणि डोळ्यांवर झापड येते. नूतन मात्र नेमकी त्याच वेळी खिडकीशी लॅपटॉप उघडून बसायची. त्यामुळे तिचं निम्मं काम जागेपणी व्हायचं आणि निम्मं पेंगेत, आणि कुठलं कशात झालं हे नंतर तिलाही सांगता यायचं नाही.

लग्नाआधी ती पेणला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. लग्न होऊन रोह्याला आली तेव्हा नोकरीही बरोबर आली, फक्त आता ती घरून करायची. नवरा हर्षद सकाळीच कामावर जायचा. मागे घरात ती आणि सासूबाई, गिरजाबाई. सून दिवसभर पडद्याकडे बघत बसते याचं सासूबाईंना काही वाटत नसे, कारण त्या स्वतः दिवसभर नदीकडे बघत बसत. दोघींचं बरं चाललं होतं.

सध्याचं काम गुणाजीशेटचं होतं. शेट पेणचे. डोलवीच्या कारखान्यांकडे कंत्राटी कामावर जाणाऱ्या माणसांची ने-आण त्यांच्या गाड्या करायच्या. कुठल्या गावात कोण चढतं, कुठली गाडी कुठून वळवायची, हे आजवर सगळं शेटच्या डोक्यात होतं. मग कोणीतरी त्यांना पटवलं की डोक्यात ठेवायचे दिवस गेले, आता वेबसाइट पाहिजे. शेटना एखादी गोष्ट पटायला वर्ष लागतं आणि पटली की दुसऱ्या दिवशी ती झालेली लागते. पान पुरतं तयार व्हायच्या आतच त्यांनी फर्मान काढलं. गाड्या आता पानाप्रमाणे धावणार. पानावर ज्या गावात माणूस नोंदलेला असेल तिथे गाडी जाणार, नसेल तिथे नाही. आणि येत्या शनिवारपासून जे थांबे ठरतील ते कायमचे.

पान तसं साधं होतं. नाव, मोबाईल, शिफ्ट आणि त्याखाली दोन ड्रॉपडाउन याद्या. पहिल्यात तालुका, दुसऱ्यात गाव. पान उघडलं की तालुक्यात पेण दिसायचं, कारण शेट पेणचे. तालुका बदलला की खालची गावं बदलायची. जावा या संगणकभाषेतल्या एका जुन्या, भरवशाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, केलेलं काम. नूतनने असली पानं झोपेत केली असती, आणि वर सांगितल्याप्रमाणे थोडीफार केलीही होती.

सोमवारी दुपारी अक्साचा फोन आला.

अक्सा चिंचखारच्या हमिदाचाचींची मुलगी. चिंचखार रोह्याच्याच तालुक्यातलं, पण खाडीच्या कडेला, खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधाच्या पार टोकाला. हमिदाचाची बाजाराला आल्या की गिरजाबाईंकडे चहाला टेकायच्याच, तेव्हापासूनची ओळख. अक्सा डोलवीकडे एका प्रयोगशाळेत कंत्राटावर होती, लोखंडाचे नमुने तपासायची. ती शिफ्ट पहाटेची.

"वैनी, ते पान माझं गाव घेत नाय," अक्सा म्हणाली.

"यादीत दिसत नाही का?"

"दिसतं की. रोहा निवडते, खाली चिंचखार येतं. चिंचखार निवडते, सेव्ह दाबते. मग लाल अक्षरांत येतं, 'दिलेले मूल्य ग्राह्य नाही', आणि माझं गाव पुसून परत 'निवडा' होतं."

"माझ्याकडे तर चालतंय," नूतन म्हणाली. हे वाक्य या धंद्यातली माणसं नमस्काराच्या जागी वापरतात.

"तुमच्याकडे चालत असंल. माझ्याकडे गाडी नाय चालत." अक्साचा आवाज थोडा चढला. "मशिदीच्या कोपऱ्यावर गाडी यायची. बंद झाली. तेवढ्या पहाटे नाक्यावर जायला आमच्याकडे रिक्षा नाय, टमटम नाय, बांधावर दिवा नाय. रजा टाकून घरी बसलेय. साहेब बोलले, पुढल्या सोमवारी आली नाय तर तुझ्या जागी दुसरी पोरगी. शेटला फोन केला तर म्हणतात पानावर नाव घाल. पान म्हणतं ग्राह्य नाय. आता मी कोणाचं ऐकू?"

"मी बघते," नूतन म्हणाली. "आजच बघते."

आणि ती खरंच बघायला बसली. पडद्यावर दिसणारं गाव म्हणजे नुसती अक्षरं. आत सर्व्हरवर त्या गावाची एक वस्तू असते, आणि अक्षरांवरून वस्तू शोधून देणारा एक दुभाषा मध्ये बसवावा लागतो. तो दुभाषा चुकत असेल, असं तिला वाटलं. तिने तो तपासला. ठीक होता. मग वाटलं, दोन गावं एकच आहेत की वेगळी हे ओळखायचा नियम लिहायचा राहिला असेल. तोही लिहिलेला होता. गेल्या आठवड्यात पान चढवल्यापासून तिची चाचणी एकच होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती पान उघडायची, नावात माहेरचंच 'नूतन हैबतराव' घालायची, मोबाईलमध्ये नऊचा आकडा दाबून धरायची, शिफ्ट पहिली, तालुका पेण होताच, आणि गाव गागोदे बुद्रुक. सेव्ह. हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली'. दरवेळी झाली. एकदाही लाल अक्षर उमटलं नाही.

चाचणीसाठी एक वेगळी प्रत असायला हवी होती, पण शेटच्या घाईत ती राहून गेली. म्हणून ती खऱ्याच पानावर चाचणी करायची. दरवेळी तीच एक नोंद पुन्हा लिहिली जायची, नवी काही पडायची नाही, तेव्हा तिला त्यात वावगं वाटलं नाही.

गागोदे बुद्रुक तिचं माहेर. पेण तालुक्यातली गावं यादीत ओळीने उभी असायची, त्यातून तिचं बोट आपोआप घसरत तिथे थांबायचं. बोटाला वाट पाठ झाली होती. आणि खरं सांगायचं तर त्या नावावर बोट ठेवलं की तिला बरं वाटायचं. थंडीचे दिवस, म्हणजे भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा असणार. सकाळी धुकं शेताच्या बांधापर्यंत उतरत असणार. बाबा कानाला मफलर गुंडाळून दारात चहा पीत असणार. पानावर गाव निवडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती तिकडे जाऊन यायची.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांचाच फोन आला. हैबतराव फोनवर फार बोलत नसत. आई गेल्यापासून तर हवापाणी, वाल आणि जेवलीस का, एवढंच.

"वालाला शेंगा चांगल्या लागल्यात," ते म्हणाले. "पोपटी लावायजोग्या." पोपटी, म्हणजे भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या शेंगा, त्यांच्याकडे थंडीत चारचौघं जमली की होते.

"लावा की मग. मडकं आहे ना?"

"मडकं हाय. भांबुर्डा पण हाय बांधावर. एकट्यासाठी कोण लावतंय." मग म्हणाले, "ती मागची खोली झाडून घेतली. पंखा बसवला."

"थंडीत पंखा?"

"उन्हाळा येतोच की."

नूतन हसली. बाबांचं हे नेहमीचंच, असं म्हणून तिने फोन ठेवला आणि परत दुभाष्याकडे वळली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. अक्साने रोज फोन करून तेच सांगितलं, आणि नूतनने रोज तेच उत्तर दिलं. पण आता 'माझ्याकडे चालतंय' म्हणताना तिची जीभ अडखळायला लागली. आपण कोणाची तरी नोकरी घालवतोय आणि कशामुळे तेही कळत नाही, हे तिला जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच फिरायचा.

गुरुवारी दुपारी गिरजाबाई वाटीत चुरमुरे घेऊन तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर काय चाललंय ते बघत राहिल्या. नूतनने पान भरलं, गागोदे निवडलं, सेव्ह केलं. हिरवी अक्षरं आली. पुन्हा भरलं, पुन्हा गागोदे.

"काय गो," गिरजाबाई म्हणाल्या, "लग्न होऊन दुसरी दिवाळी झाली. अजून गागोद्यातच राहतेस व्हय?"

"चाचणी आहे हो आई. कुठलंही गाव चालतं."

"कुठलंही चालतं तर एकदा रोह्याचं पण घाल की. आम्ही काय तुझं घोडं मारलंय?"

नूतनला हसू आलं. सासूबाईंच्या समाधानासाठी तिने तालुका रोहा केला. खाली रोह्याची गावं आली. तिने चिंचखार निवडलं आणि सेव्ह दाबलं.

'दिलेले मूल्य ग्राह्य नाही.'

आणि गावाच्या जागी नुसतं 'निवडा'.

"आई!" नूतन ओरडली. गिरजाबाईंच्या हातातले चुरमुरे सांडले.

चूक दिसली की निम्मं काम झालं, असं तिला वाटलं होतं, पण चूक नुसती दिसत होती, कळत नव्हती. पेणची सगळी गावं चालत होती, रोह्याचं एकही नाही. ती कोडकडे बघत बसली. वारा येत होता. बाहेर सासूबाई चुरमुरे गोळा करत काहीतरी गुणगुणत होत्या. स्टेशनवरून गाडीची घोषणा ऐकू येत होती, पण कुठल्या गाडीची ते वाऱ्याने मध्येच खाऊन टाकलं. नूतनने टेबलावर डोकं टेकवलं, जरासंच.

ती एका खिडकीपुढे उभी होती. खिडकीत एक मुलगी बसली होती, केसांत अबोली माळलेली. "तालुका?" मुलीने विचारलं. "रोहा," नूतन म्हणाली. मुलीने आनंदाने रोह्याची गावं वाचून दाखवली, एकेक करून, सुरात. "चिंचखार," नूतन म्हणाली. "छान गाव आहे," मुलगी म्हणाली, "पुढच्या खिडकीत सांगा." आणि खिडकी लावून घेतली. पुन्हा उघडली तेव्हा आत दुसरीच मुलगी होती. तशीच अबोली, पण चेहरा कोरा. "चिंचखार," नूतन म्हणाली. मुलीने समोरचा कागद पाहिला. त्यावर पेणची गावं होती. "असं गाव नाही," ती म्हणाली. "अहो, आत्ताच तर तुम्ही वाचून दाखवलंत!" "मी? मी तर आत्ताच जन्माला आले," ती मुलगी म्हणाली, अगदी खरं वाटेल अशा आवाजात, आणि खिडकी लावून घेतली. नूतन खिडकी ठोठावत राहिली. धुकं दाटून येत होतं आणि तिला शिफ्टला उशीर होत होता.

ठोठावण्याचा आवाज गिरजाबाईंच्या खलबत्त्याचा होता. नूतन उठून बसली आणि तिला सगळं कळलं.

पानामागे सर्व्हरवर एक छोटी वस्तू असते, जावातले लोक तिला बीन म्हणतात. ती पानाची माहिती सांभाळते. नूतनने ती अशी बांधली होती की प्रत्येक क्लिकला एक नवी बीन जन्माला यायची, काम करायची आणि नाहीशी व्हायची. तालुका बदलला की एक बीन यायची, रोह्याची गावं द्यायची आणि जायची. मग सेव्ह दाबलं की दुसरी यायची. तिला आधीचं काही ठाऊक नसायचं. जन्मतः तिच्याकडे पेणची यादी असायची, कारण सुरुवातीचा तालुका पेण ठरवलेला. फ्रेमवर्क कडक असतं. आलेलं गाव यादीत आहे का ते पाहतं, आणि नसेल तर दारातूनच परत पाठवतं. चिंचखार पेणच्या यादीत कसं असणार? आणि गागोदे मात्र दरवेळी असणारच. ती माहेरचं गाव निवडत राहिली म्हणून तिला चूक कधी भेटलीच नाही.

दुरुस्ती एका शब्दाची होती. बीनने एका क्लिकपुरतं न जगता, पान उघडं आहे तोवर जगायचं. एवढाच शब्द तिने बदलला, पान पुन्हा चढवलं, आणि अक्साला फोन लावला.

"आता कर."

फोनवर थोडा वेळ नुसता खाडीचा वारा ऐकू आला. मग अक्सा एकदम म्हणाली, "अम्मी, घेतलं! माझं गाव घेतलं!" आणि मागे हमिदाचाची नूतनला इतक्या दुआ देऊ लागल्या की नूतनचे कान लाल झाले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शुक्रवारी सकाळी गुणाजीशेटचा फोन आला.

"नूतनताई, रोह्याची गावं भराभर लागली, झ्याक काम केलंत. पण ते चिंचखार. एकच पोरगी हाय तिथं, आणि माझ्याकडे त्या शिफ्टला गाडी नाय."

"आधी जायची ना?"

"जायची. लहान गाडी होती, महिपती चालवायचा. ती आता दुसरीकडे लावली. तिकडे पण एकच माणूस हाय, पण त्याची नोंद आधीची. माझ्याकडे नियम म्हणजे नियम. पानावर आधी आला त्याला आधी. चिंचखारचा थांबा आज संध्याकाळी काढून टाकतो, उद्या कायमचं ठरवायचंय."

"ती गाडी कुठे लावलीत?"

"गागोदे बुद्रुक. नूतन हैबतराव म्हणून कोणी बाई हाय. तुमच्याच नावाची निघाली बघा." शेट हसले. "मोबाईल लागत नाय तिचा, नुसते नऊ नऊ. आणि अजून एक दिवस पण चढली नाय. मी महिपतीला म्हटलं, सोड तो थांबा. तर तो म्हणतो, नको शेट, तिथं एक म्हातारबाबा रोज पहाटे उभे असतात. म्हणतात, आज नाय आली, पण येईल, नाव हाय ना तिचं. उद्या या. म्हणून तो रोज जातो."

खिडकीबाहेर नदीवर धुकं अजून उठलं नव्हतं, आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"ताई? हाय का लाईनवर?"

"शेट," ती म्हणाली, "चिंचखार संध्याकाळपर्यंत काढू नका. मी नोंद बघते." आणि तिने फोन ठेवला.

तिला ते सगळं समोर दिसलं. पहाटेचं धुकं, त्यातून येणारे गाडीचे दिवे. महिपतीने विचारलं असेल, इथली नूतन हैबतराव कुठं राहते. आणि बाबांनी मफलर सावरत म्हटलं असेल, माझीच पोरगी. गागोद्यातून कामाला जायला नाव घातलंय, म्हणजे ती गागोद्यात राहायला येणार. का येणार? बाबांनी विचारलं नाही. माहेरी येणाऱ्या लेकीला का आलीस, किती दिवस आहेस, हे त्यांच्या घरात कधी कोणी विचारत नसे. आत्या आल्या, मावशी आली, कोणी सणाला आली, कोणी रडून आली. आजी फक्त पाण्याचा तांब्या पुढे करायची. लेक सांगेल तेव्हा सांगेल. बाबांनीही तेच केलं होतं. फोनवर एक अक्षर विचारलं नाही. खोली झाडली आणि पंखा बसवला, लेक उन्हाळ्यापर्यंत राहिली तर असू दे म्हणून.

तिने नोंद उघडली. नूतन हैबतराव, पहिली शिफ्ट, पेण, गागोदे बुद्रुक. कोपऱ्यात काढून टाकायचं बटण. ते दाबलं की महिपतीची गाडी मोकळी होणार आणि उद्या पहाटे मशिदीच्या कोपऱ्यावर जाणार. एका क्लिकचं काम.

पण तिने आधी बाबांना फोन लावला.

"जेवलीस का?" ते म्हणाले. सकाळचे दहाही वाजले नव्हते.

"बाबा, ती पहाटेची गाडी."

मग तिने एका दमात सांगून टाकलं.

"ती उद्यापासून येणार नाही. माझ्या हातून चूक झाली होती. मी नुसतं तपासायला नाव घातलं होतं. मी कुठं कामाला लागले नाही, आणि इथे सगळं छान आहे. खरंच छान आहे, बाबा."

"असं व्हय," हैबतराव म्हणाले. मग म्हणाले, "बरं झालं गो. जिवाला घोर लागला होता. आई पण नाय तुझी, कोणाला बोलणार." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तो डायवर चांगला हाय. चहा घ्यायचा रोज माझ्याकडे."

"तो आता चिंचखारला जाणार. तिथे एक मुलगी आहे, तिची नोकरी आहे त्या गाडीवर."

"मग जाऊ दे तिकडे. कामाची पोर हाय, तिला गाडी पायजे." आता ते फोन ठेवतील असं तिला वाटलं. पण ते अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पण मग तू कशी येणार?"

नूतनला एकदम रडू फुटलं. ती रडत होती तोवर तिकडे हैबतरावांनी फोन ठेवला नाही.

"एसटीने," ती शेवटी म्हणाली. "उद्या सकाळी. पेणहून."

"थांब्यावर येतो," ते म्हणाले.

तिने बटण दाबलं. 'नोंद काढली', हिरव्या अक्षरांत. यादीत आता गागोदे बुद्रुकपुढे कोणी नव्हतं. डोळे पुसून तिने शेटना फोन केला. ती बाई येणार नाही, गाडी मोकळी आहे, चिंचखारला लावा. शेट म्हणाले, तुमच्या नावाची माणसं भारी चक्रम असतात हो. नूतन म्हणाली, असतात.

दारात गिरजाबाई उभ्या होत्या. "काय झालं गो? डोळे का लाल?"

नूतनने सगळं सांगितलं, अडखळत, नाक ओढत. गिरजाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"म्हणजे तुज्या बापाला वाटलं, आम्ही तुला हाकलली?"

"तसं नाही हो आई..."

"मग कसं?" त्या क्षणभर तिच्याकडे रागाने बघत राहिल्या, आणि मग एकदम मऊ झाल्या. "रोज पहाटे उभा राहिला माणूस. थंडीत. आणि एका शब्दानं विचारलं नाय." त्यांनी तिचा लॅपटॉप स्वतःच मिटून टाकला. "पिशवी भर. आणि जाताना ती हिरवी साडी नेस. अंगानं सुधारलीयस ते दिसू दे त्यांना."

शनिवारी सकाळी हर्षदने तिला रोह्याच्या स्टँडवर सोडलं. एसटी पेणकडे निघाली तेव्हा अक्साकडून फोटो आला. पहाटे महिपतीच्या गाडीच्या खिडकीतून काढलेला, धुक्यात मशिदीचा कोपरा आणि पाठमोऱ्या हमिदाचाची, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या. खाली लिहिलं होतं, 'बसले वैनी. डायवर विचारतो, नूतनबाई कोण? मी बोलले, हायत एक.' नूतन तो फोटो नागोठण्यापर्यंत बघत होती. मग खिडकीला डोकं टेकून तिला झोप लागली, आणि झोपेत कुठलीही खिडकी बंद झाली नाही.

पेणला गाडी बदलून गागोद्याच्या एसटीत बसली. डोंगर जवळ आला, धुकं विरळ झालं, दोन्ही बाजूंना वालाची हिरवी शेतं लागली. वळण घेतल्यावर थांबा दिसला. हैबतराव उभे होते, मफलर गुंडाळून, हातात काठी. एसटी थांबायच्या आतच ते दोन पावलं पुढे आले.

"आलीस?" ते म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

दोघं बांधावरून चालू लागले. त्यांनी वाटेत दोनदा वाकून भांबुर्डा खुडला. पोपटी आज संध्याकाळीच लावणार होते, मडकं घासून दारात ठेवलं होतं. नूतनला हिरव्या साडीत थंडी वाजत होती, तरी फार बरं वाटत होतं. तिला एवढंच खुपत होतं, की बाबा अजून काहीच विचारत नाहीत. शेवटी तिनेच सांगितलं.

"बाबा, मी सोमवारी जाणार. काम आहे."

"जा की," हैबतराव पुढे चालत म्हणाले. "विचारलं का कोणी?"

आणि घर आलं तेव्हा मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि थंडीतही आत पंखा हळूहळू फिरत होता.